खळ्यापासून डावीकडे

एक नंबरची नका घेऊ, बाई. समुद्र दिसतो तिथून, ते खरंय, पण खिडकीखाली पाण्याची मोटर आहे, पहाटे पाचला ती घरघरायला लागते आणि मग दिवसभर तुम्ही माझ्या नावानं बोटं मोडत बसाल. तीन नंबरला कोंबडा आहे—खोलीत नाही हो, कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांचा, त्याला वेळकाळ कळत नाही. तेव्हा दोन नंबर घ्या. दोन नंबरमधून काही दिसत नाही आणि काही ऐकूही येत नाही, झोपायला आलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे—का हसलात? कागदावर अस्संच लिहिलंय? कुठल्या कागदावर? दाखवा. नाही, तुम्हीच धरा, माझे हात ओले आहेत, चुना भिजवत होतो. अजून जरा वर धरा. हं. तोच.

तोच नकाशा. हे आमचं घर, दारात मांजर बसलीय बघा, ती मांजर मेली दोन वर्षांपूर्वी, पण तो काढायचाच तिला. दर हंगामाला नवा कागद घ्यायचा, राहायला कुठं, खायला कुठं, काय विकत घ्यायचं, कुठं हिंडायचं, सगळं पेनानं काढायचा आणि बंदरावरच्या दुकानात त्याच्या प्रती काढून आणायचा. बोटीतून उतरेल त्याच्या हातात एक. आमच्याकडे राहा नाहीतर राहू नका, कागद घ्या. आणि लिहायचं कसं, तर सगळं खरं खरं. 'एक नंबर: मोटर. तीन नंबर: कोंबडा.' मी म्हणायचो, अरे शहाण्या, स्वतःच्या मालाची कुणी अशी नालस्ती करतं का? तर म्हणायचा, लेफ्तेरी, सकाळी चिडून निघून जाण्यापेक्षा आदल्या दिवशीच हसून दोन नंबरला जाऊ दे की माणूस. तुम्हाला कुणी दिला हा? शाळेतल्या मैत्रिणीनं. तुम्हीही शिक्षिका? अथेन्सला? वाटलंच होतं, तुम्ही बोट ठेवून वाचता, म्हणून बाई म्हटलं मी. माझा भाऊ तो, मोठा. स्टामातीस. भेटता नाही यायचं. नाहीये तो. सोळा जुलैला गेला, आज अडतीस दिवस झाले. असू द्या. तुम्हाला काय माहीत. दारावरची काळी फीत वाऱ्यानं गुंडाळली गेलीय, म्हणून दिसली नसेल. आणि ही दाढी बघून घाबरू नका, चाळीस दिवस वस्तरा लावायचा नसतो, नाहीतर मी एवढाही भुतासारखा दिसत नाही.

बसा ना. खुर्ची तिकडं सावलीत ओढा. आत आई गहू निवडतेय, रविवारी चाळिसावं आहे, त्यासाठी उकडून गावाला वाटायचाय—डाळिंब, बेदाणे, बदाम, सगळं आणून ठेवलंय आणि दोन दिवस नुसता गहू निवडत बसलीय. खडा नाहीये त्यात एक. मी बघितला ना. काही नाही, आई, पाहुण्या आहेत, खोलीचं विचारतायत—ऐकू कमी येतं तिला, पण नको तेव्हा बरोब्बर येतं. जरा हळूच बोलू आपण.

जेवायला? तेही लिहिलंय की. हा चमचा काढलाय तिथं, त्या खाडीत. एवदोक्सियाकाकूंची खानावळ. रविवारी गेलात तर मातीच्या भांड्यात रात्रभर भट्टीत ठेवलेले हरभरे मिळतील, इतर दिवशी बोकडाचं मटण, लिंबू घालून. मासे मागू नका, मासे तिचा नवरा आणतो आणि नवरा आळशी आहे. जागा भारी आहे, झाऊची झाडं आहेत, पाय पाण्यात सोडून जेवता येतं. माझं तोंड वाकडं झालं का? झालं असेल. सवय आहे त्याला. आमचा पण किनारा आहे ना, बाई. अलीकडच्या बाजूला, आजोबांचा तुकडा. मी तिथं दोन छत्र्या रोवल्या होत्या, बर्फाची पेटी नेली होती, बियर, कलिंगड, थंड पाणी, सगळं डोक्यावरून वाहून नेलं होतं आणि दिवसभर तिथं मी आणि शेळ्या. आणि माझा सख्खा भाऊ बोटीवर उभा राहून जगाला चमचा दाखवतोय तो एवदोक्सियाकाकूंचा. मी विचारलं, माझी छत्री का नाही काढलीस? तर म्हणाला, तू काय खायला घालणार, कलिंगड? काकू तुझ्यापेक्षा चांगलं रांधते. काढली शेवटी. ही बघा, इथं कोपऱ्यात. एवढीशी. माशी बसल्यासारखी दिसते.

विकत घ्यायला—बंदरावरून काही घेऊ नका. ते स्पंज, ते दृष्टीचे निळ्या डोळ्यांचे मणी, ते इथले नाहीत, खोक्यातून येतात, मीच उतरवून घेतो बोटीवरून. मध घ्या म्हातारबाबा अँथिमोसकडचा. दार वाजवून थांबायचं, त्याला उठायला वेळ लागतो. मधाच्या बाटलीवर चिकटवायला कागद नाही त्याच्याकडे, कधी काकडीच्या लोणच्याची बाटली असते, कधी औषधाची, पण मध खरा, वरच्या डोंगरावरच्या जंगली ओव्याच्या फुलांचा. त्याला सांगा, स्टामातीसच्या नकाशावरून आले. मग तो रडेल आणि जास्त देईल. नाही, नका सांगू. उगीच.

आणि हे काय, इथं तुम्हीच गोल केलाय का पेन्सिलीनं? वरचं देऊळ. संत एलियाचं. उद्या सकाळी जायचंय. नाही—म्हणजे—नका जाऊ, बाई. वाट बंद आहे. काम चाललंय. कसलं म्हणजे, दगडांचं, पायऱ्या उखडल्यात. अथेन्सच्या माणसांना नाही जमत ती चढण. बोटीतून येताना कुणी भेटलं? काल जाऊन आलेलं? सांगितलं त्यांनी पायऱ्या चांगल्यात म्हणून? बरं. असतील चांगल्या. वारा आहे ना पण. ऑगस्टचा वारा, वर माणूस उभा राहत नाही, टोपी उडते, आणि बघायला काय आहे, चार भिंती, आत एक चित्र, तेही धुरानं काळं पडलेलं. गावातलं चर्च बघा की. तिथं चांदीचं आहे सगळं.

बरं, जायचंच असेल तर नीट ऐका. घरामागून पायऱ्या लागतात, अर्धा तास चढायचं, मग खळं येतं, गोल, दगडी, जुनं, आता तिथं कुणी मळणी करत नाही. खळ्यावरून सरळ वर देऊळ. देऊळ बघायचं, पाणी प्यायचं, परत खळ्यावर उतरायचं आणि तिथून डावीकडे. डावीकडे दगडांनी बांधलेली वाट आहे, खेचरांची, ती थेट काकूंच्या हरभऱ्यापाशी जाते. डावीकडेच. उजवीकडे लाल ठिपके दिसतील दगडांवर, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

कुणी काढले म्हणजे? नगरपालिकेनं काढले असतील. सगळीकडं काढतात ना ते, लाल रंगाचे, गिर्यारोहकांसाठी. का काढले, मला काय माहीत, कुणी पोरंटोरं पाठवली असतील, त्यांना दिशा कळल्या नसतील. तिकडं वाट नाहीये. घळ आहे, सुटे दगड आहेत, शेळ्यासुद्धा बाजूनं जातात. अकरा ठिपके आहेत आणि अकराव्यानंतर आमचा किनारा येतो, पण तिथवर पोचेपर्यंत—

मोजले मी. त्यात काय. मोजले असतील जाता येता.

बाई, तुम्ही शाळेत पोरांकडे असंच बघता का? माझ्या एक मास्तरीणबाई होत्या, त्या अशाच बघायच्या, म्हणून तर मी सहावीनंतर गेलो नाही. हो, मी. मी काढले. बास. विचारा आता, का काढले. कलिंगडासाठी काढले. मे महिन्यात, होड्या रंगवून झाल्यावर डब्यात तळाला लाल रंग उरला होता, तो घेऊन मी एका दुपारी वर गेलो, स्टामातीस बोटीवर कागद वाटत होता. खळ्यापाशी पहिला ठिपका, चांगला मोठा, ताटलीएवढा, आणि मग घळीतून खाली, प्रत्येक वळणाला एक. कारण बाहेरची माणसं नकाशा खिशात ठेवतात आणि ठिपका दिसला की ठिपक्यामागं जातात, तुम्हीही गेला असता. मला वाटलं, घळीतून खाली उतरतील, तहानलेली असतील आणि समोर मी, छत्री, बर्फाची पेटी. आणि चाललंही ते. पहिल्या दिवशी चार जण आले. मी एवढा खूश झालो, बाई, की चौघांना एक कलिंगड फुकट कापून दिलं.

त्याला कळायला आठवडा लागला. ओरडला नाही. तो ओरडायचा नाही, तेच तर. म्हणाला, तिथले दगड सुटे आहेत, लेफ्तेरी, कुणीतरी पडेल. तू रंगवलेस, तूच पुसून ये. मी म्हटलं, उद्या जातो. आणि मग रोज उद्या. जून गेला. एक दिवस म्हणाला, तुझ्या बर्फाच्या पेटीसाठी लोकांचे पाय मोडायचे का? मी म्हटलं, तुझ्या चमच्यासाठी मी उपाशी मरायचं का? उपाशी कोण मरत होतं. घरी तिन्ही वेळ जेवत होतो. तोंडाला येईल ते बोलतो मी, नंतर मला स्वतःलाच ऐकू येतं.

नाही, आई, भांडत नाहीये कुणाशी. तू निवड.

मग तो सोमवार. आमच्याकडेच उतरलेले एक आजोबा, परदेशी, सत्तरीचे, संध्याकाळी परत आले ते गुडघा फोडून. नीट काही कळलं नाही त्यांचं, पण हातानं दाखवलं त्यांनी, लाल, गोल, आणि मग असं घसरल्यासारखं. स्टामातीसनं त्यांचा गुडघा धुतला, पट्टी बांधली. जेवताना मला एवढंच विचारलं, पुसलेस का? आणि मी, बाई, मी म्हटलं, डोकं खाऊ नकोस. तुझे ठिपके आहेत का ते? माझे आहेत, मी बघेन. असं म्हटलं आणि ताट सरकवून उठलो. त्याच्याशी बोललेलं शेवटचं तेच. 'तुझे ठिपके आहेत का ते.' सकाळी मी उठलो तेव्हा तो नव्हता. चुन्याची बादली नव्हती, ब्रश नव्हता. मी म्हटलं, बरं झालं, सकाळी सकाळी त्याचं तोंड बघायला नको. आणि गेलो किनाऱ्यावर.

छत्रीखाली बसलो होतो. दहा-साडेदहाचा सुमार असेल. वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. आधी लहान, मग मोठे, मग परत लहान. मी मान वर केली नाही. शेळ्या असतील म्हटलं. शेळ्यांना शिवी घातली, चांगली मोठ्यानं, आणि पेटीतून एक बाटली काढून उघडली. ते मी कुणाला सांगितलं नाहीये. आईलाही नाही, पाद्रीबाबांनाही नाही. तुम्हालाही सांगणार नव्हतो, मला वाटतं तुम्ही ती खोली विचारत होता. दोन नंबर. हो. चादरी धुतलेल्या आहेत.

दुपारी शोधायला गेलो आम्ही. चौथ्या ठिपक्याच्या खाली होता. बादली आणखी खाली, दोन दगडांमध्ये अडकलेली, आणि घळीत चुना सांडला होता सगळा, पण सांडलेला कुणाला दिसला नाही, कारण ओला चुना पाण्यासारखाच दिसतो, बाई, तुम्हाला माहीत असेल नसेल, लावताना काहीच दिसत नाही, वाटतं आपण नुसतं पाणीच फासतोय. वाळला की मग पांढरा होतो, त्याला रात्र जाते. पुरुष माणसं त्याला उचलून खाली आणत होती तेव्हा ते ठिपके लालच दिसत होते, सगळे, आणि लाल ठिपक्यांकडे बघायला वेळ कुणाला होता. बादली बघितली सगळ्यांनी. म्हणाले, वीस तारखेला संत एलियाचा सण, पोरगा देवळाला चुना लावायला गेला होता. आजोबांचा नवस आहे ना आमच्या, दर वर्षी सणाआधी आमच्या घरच्यांनीच चुना लावायचा. देवाचं काम करताना गेला, म्हणाले. आईनं ते ऐकलं आणि पहिल्यांदा श्वास घेतला तिनं. पाद्रीबाबांनी दफनाच्या वेळी तेच सांगितलं, संताच्या सेवेत प्राण ठेवला, आणि अख्खं गाव रडलं आणि मी तिथं उभा. कारण देवळाला चुना आम्ही शनिवारीच लावला होता, बाई. दोघांनी मिळून. मी आतून, त्यानं बाहेरून. ते फक्त दोघांना माहीत होतं आणि आता एकाला.

दुसऱ्या दिवशी दफनानंतर मी वर गेलो. एकटाच. तेव्हा वाळले होते. पहिला पांढरा, दुसरा पांढरा, तिसरा पांढरा, चौथा अर्धा. अर्ध्यावर ब्रशचा फराटा खाली गेलेला. तेव्हा कळलं मला तो कशासाठी गेला होता. म्हणजे कळलं होतंच. पण तिथं ते पांढरं समोर होतं. मला वाटलं खाली उतरून उरलेले सात दगडानं खरवडून काढावेत, पण नाही उतरलो. परत आलो आणि तेव्हापासून गेलो नाही. सदतीस दिवस. बंदरावर कुणी वर जाताना दिसलं की मी मागं पळत जातो, डावीकडे वळा, डावीकडे वळा, लोक मला वेडा समजतात. एकानं मला नाणं दिलं.

आणि आता पाद्रीबाबांना सुचलंय की चाळिसावं वरच करायचं. चर्चमध्ये नाही, वर, देवळात, जिथं त्यानं सेवा केली. रविवारी सकाळी अख्खं गाव गव्हाचं ताट घेऊन जाणार, आई पुढं. सणाला ह्या वर्षी कुणी वर गेलं नव्हतं, सुतक म्हणून, नुसते पाद्रीबाबा गाढवावर बसून गेले आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना गाढवाचे कान दिसले तरी पुष्कळ. पण रविवारी सगळे खळ्यावर थांबणार दम खायला. आणि तिथं उजव्या बाजूला दगडावर काय दिसणार? लाल रंगावर फासलेला चुना. तैलरंगावर धरत नाही चुना, पापुद्रे निघतात, ह्या वाऱ्यात तर निघालेच असतील, खालून लाल डोकावत असेल. आंधळ्यालासुद्धा कळेल तो तिथं काय करत होता. आणि मग विचारतील, रंगवलं कुणी होतं. आणि मग कुणीतरी होड्यांकडे बघेल. माझी होडी बघा, ती तिसरी. कडेला कुठला रंग आहे?

म्हणून हा चुना भिजवलाय. आत्ता सांगतो खरं. आज वर जायचं आणि सगळे पुसायचे, तारेच्या ब्रशानं घासून, वर तीन हात चुना. उद्यापर्यंत वाळेल. रविवारी काही दिसणार नाही, आईचं समाधान आईजवळ राहू दे, पाद्रीबाबांचं पाद्रीबाबांजवळ. आणि त्याचंच काम आहे की ते, त्यानं अर्धं टाकलेलं, मी पुरं करणार, भावानं भावाचं काम पुरं करायचं नाही तर कुणी करायचं? असं म्हणतो मी. दोन दिवस हेच म्हणतोय. सकाळी बादली उचलतो आणि मग वाटतं, पुसायचे ते लोकांचे पाय मोडू नयेत म्हणून, का माझं नाव निघू नये म्हणून? दोन्हीला ब्रश एकच लागतो. मग खाली ठेवतो बादली. मग चुना घट्ट होतो. मग परत पाणी घालतो. तुम्ही आलात तेव्हा तिसऱ्यांदा घालत होतो.

तुम्ही काय बघताय तिथं? खळ्यापाशी काय आहे? हो, ते दिसलं मला मघाशीच, ते प्रतीतलं नाही, ते पेनानं वेगळं लिहिलंय, निळं. मला वाटलं तुमच्या मैत्रिणीनं लिहिलंय काहीतरी. त्याचं अक्षर आहे? आणा बरं. छापलेलं असलं की मी अक्षर अक्षर जोडून वाचतो, हाताचं नाही जमत मला, त्याचं तर नाहीच, तो पायानं लिहिल्यासारखं लिहायचा. वाचा ना. हळू वाचा, आत ऐकू जाईल.

'खळ्यापासून डावीकडे वळा.' हं. तेच सांगितलं ना मी पण. पुढं?

'उजवीकडचे लाल ठिपके'—हं—

परत वाचा.

माझ्या हातून? असं लिहिलंय? माझ्या म्हणजे त्याच्या? नीट बघा, बाई, तुम्ही शिक्षिका आहात, नीट बघा. 'उजवीकडचे लाल ठिपके माझ्या हातून चुकून पडले आहेत. लवकरच पुसतो. माफ करा. स्टामातीस.'

तुमची मैत्रीण कधी आली होती? जूनच्या सुरुवातीला. सुरुवातीलाच. म्हणजे इकडं मला रोज म्हणत होता, तू पुसून ये, आणि तिकडं बोटीवर उभा राहून—प्रत्येक कागदावर? हातानं? रोज किती माणसं उतरतात, बाई, त्या बोटीतून. आणि मला एकदा म्हणाला नाही. मी त्याला जेवताना म्हटलं, तुझे ठिपके आहेत का ते. तेव्हा म्हणायचं ना. तेव्हा म्हणायला पाहिजे होतं, हो, माझेच आहेत, महिनाभर माझेच म्हणून सांगतोय मी जगाला. मग मी काय केलं असतं? काय केलं असतं मी. काहीच नसतं केलं. उद्या जातो म्हटलं असतं.

थांबा. जरा थांबा, मला काहीतरी दिसतंय. हा कागद रविवारी नुसता दाखवला तर झालं की. त्याच्याच हातचं आहे, सही आहे. ठिपके त्याचे, पुसायला तोच गेला, पडला. संताची सेवा नाही, पण चूक निस्तरताना तरी गेला, वाईट काय आहे त्यात. मी कुठंच नाही ह्या कागदावर. मोटर आहे, कोंबडा आहे, मेलेली मांजर आहे, मी नाहीये. फक्त ती छत्री. माशीएवढी.

असं बघू नका. मला माहीत आहे मी काय बोललो ते. तोंडाला आलं म्हणून बोललो—नाही, तोंडाला आलं म्हणून नाही, खरंच वाटलं मला तसं, आत्ता, एवढा वेळ. तुम्ही पाणी प्यायलात तेवढा वेळ.

घ्या. घडी करा आणि तुमच्या पिशवीत ठेवा, अगदी आत, आणि अथेन्सला घेऊन जा. मी मागितला तरी देऊ नका. संध्याकाळी मागेन मी, मला माहीत आहे, रडून मागेन, सांगेन की भावाची आठवण म्हणून हवाय. देऊ नका. आणि उद्या नका जाऊ वर, परवा जा, नाहीतर जा उद्याच, पण डावीकडे. आज मी चौथ्यापासून खालचे सगळे घासून काढतो, तुमच्यासारखं कुणीतरी उतरायच्या आत. आणि वरचे तीन नाही पुसत. ते त्यानं पुसलेत. ते तसेच राहू देत, लाल दिसतंय तेवढं दिसू दे. रविवारी सगळे खळ्यावर दम खायला थांबतील ना, तेव्हा—नाही. रविवारी नाही. रविवार म्हणजे परत तेच 'उद्या जातो' झालं. रविवारपर्यंत मी काहीतरी काढेन शोधून, मी काय मला ओळखत नाही?

आई. आई, जरा बाहेर ये. असू दे तो गहू. निवडून झालाय तो, परवाच झालाय. इथं बस माझ्याजवळ. नाही, हात नको पुसू, बस नुसती. देवळाच्या चुन्याबद्दल बोलायचंय तुझ्याशी, शनिवारच्या. नाही, कुणी आलेलं नाही, बाई आहेत त्या, खोलीवर निघाल्यात.

जा ना, बाई. दोन नंबर. किल्ली दारालाच आहे.